नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स

ब्रिटनमध्ये नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा नवरा-बायकोच्या व्हिसावर येणाऱ्याला अगदी आत्ताआत्तापर्यंत एक गुलाबी-निळसर प्लॅस्टिकचं कार्ड मिळायचं. बीआरपी म्हणायचे त्याला. फोटो, नाव, मुदत आणि शेऱ्यांच्या जागी ठळक अक्षरांत एक ओळ: नो पब्लिक फंड्स. २०२४ च्या अखेरीला ती कार्डं बाद झाली, सगळं ऑनलाइन ई-व्हिसात गेलं, पण ओळ काही गेली नाही. सरकारी पत्रांत आणि वकिलांच्या तोंडी ती पूर्ण इतमामाने येते, ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’. म्हणजे राहा, कमवा, कर भरा. पण उद्या पाय घसरला तर सरकारी तिजोरीकडे बघू नका.

लंडनजवळच्या आमच्या स्लाऊमधल्या मराठी घरांत, विशेषतः आयटीवाल्या घरांत, ही ओळ सगळ्यांना माहीत असते आणि तिच्यापायी कुणाची झोप उडत नाही. उलट थोडा अभिमानच असतो. कुणाकडे पावभाजीला जमलो की भत्त्यांवर जगणाऱ्या कुठल्यातरी शेजाऱ्याचा विषय निघतो आणि मग ते वाक्य ठरल्यासारखं येतं, “आपण बाबा पहिल्या महिन्यापासून टॅक्स भरतोय, एक पेनी घेतली नाही कुणाची.” वाक्य खोटं नाही. कर आहे, नॅशनल इन्शुरन्स आहे आणि वर सरकारी दवाखान्यासाठी व्हिसाबरोबर भरायचा इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज आहे. २०१५ साली तो सुरू झाला तेव्हा माणशी वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्यांना १,०३५ आणि मुलांना ७७६ पौंड झाला. नवरा-बायको आणि दोन मुलं, तीन वर्षांचा व्हिसा, तर १०,८६६ पौंड. तेही आगाऊ, एकरकमी. त्यामुळे पावभाजीवरचा तो अभिमान मला कळतो. मीही त्यात मान हलवलेली आहे.

काय चालतं आणि काय चालत नाही, हा घोळ मात्र भल्याभल्यांना सुटत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा मुख्य भत्ता, चाइल्ड बेनिफिट, घरभाड्याची मदत, अपंगत्वाचा भत्ता, कौन्सिलचं म्हणजे इथल्या पालिकेचं घर, बेघर झाल्यावर मिळणारा निवारा, हे सगळं पब्लिक फंड्स. दवाखाना आणि सरकारी शाळा पब्लिक फंड्स नाहीत. नॅशनल इन्शुरन्सच्या हप्त्यांवर मिळणारी पेन्शन आणि काही भत्तेही नाहीत. घरात एकटंच मोठं माणूस राहत असेल तर कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी २५ टक्के सूट चालते. उत्पन्न कमी आहे म्हणून त्याच टॅक्समध्ये मिळणारी सूट चालत नाही. चुकून नको ते घेतलं तर व्हिसाच्या अटीचा भंग. मग लोक काय करतात? हक्काचं असतं तेही मागत नाहीत. एकीने मला अगदी कानाशी येऊन विचारलं होतं, “लायब्ररीचं कार्ड काढलं तर चालेल ना हो?”

आम्हाला या ओळीची भीती का वाटली नाही, याचा मी पुढे बराच विचार केला. नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला आणि कंपनीने निरोप दिला तेव्हा व्हिसा टिकवायचा तर नवी नोकरी शोधायला जेमतेम साठ दिवस होते. आम्ही रात्री एक्सेल उघडून बसायचो. भाडं, वीज, मुलीची नर्सरी. दुसऱ्याच आठवड्यात नाशिकहून बाबांचा फोन, “पैसे पाठवू का?” रुपयांचे पौंड करताना आकडा शंभरपटीने आक्रसतो, हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही. बाबांच्या एफडीवर आमचं भाडं फार तर चार महिने निघालं असतं. पण सासऱ्यांचा फ्लॅट होता, रीडिंगला चुलतदिराची रिकामी खोली होती आणि अगदीच नाही जमलं तर बॅगा भरून परत जाता येत होतं. परत गेल्यावर लोक दोन दिवस बोलले असते, तिसऱ्या दिवशी कुणीतरी नोकरीचं विचारलं असतं. अशा माणसाला ‘नो रिकोर्स’ ही नुसती एक अट म्हणून वाचता येते, गाडीच्या विम्याच्या कागदावरच्या बारीक अक्षरांइतकी.

तीच अट दुसऱ्या बाजूने कशी दिसते, ते मला शनिवारी सकाळी दिसायला लागलं. इथल्या एका सल्ला केंद्रात मी दुभाषी म्हणून बसते. हिंदी जास्त, मराठी क्वचित. त्यामुळे मराठी कुणी आलं की आधी दोघींनाही बरं वाटतं आणि मग दोघींनाही संकोच वाटतो, कारण ओळखीतली कुणीतरी निघण्याची शक्यता असते.

ती आली ती डी-मार्टची पिशवी घेऊन. पिशवीच्या बंदांची गाठ मारलेली. आत मुलाचं लसीकरणाचं लाल पुस्तक, लग्नाच्या दाखल्याची नोटरी केलेली भाषांतराची प्रत, दोन पासपोर्ट आणि घरमालकाचं पत्र. नवरा कामाच्या व्हिसावर आलेला, ही आणि मुलगा त्याच्यावर अवलंबून म्हणून आलेले. मारहाण होतीच, आता तो घर सोडून दुसरीकडे राहायला गेला होता आणि भाडं भरायचं त्याने बंद केलं होतं. करारावर नाव त्याचं एकट्याचं. सल्लागार बाईंनी पहिली गोष्ट विचारली, तुझा ई-व्हिसा उघडून दाखव. ते खातं नवऱ्याने काढलेलं. ईमेल त्याचा, मोबाईल नंबर त्याचा. लॉगिन करायला गेलं की सहा आकडी कोड त्याच्या फोनवर जाणार. म्हणजे मी या देशात कायदेशीर आहे एवढं सिद्ध करायलाही तिला त्याच माणसाला फोन करावा लागणार, ज्याच्यापासून ती पळत होती. सल्लागार बाई तो पडदा बघत क्षणभर गप्प बसल्या आणि मग हेल्पलाइनचा नंबर शोधू लागल्या.

इथे कामावरच्या लोकांच्या तोंडी त्या लांबलचक शब्दांची आद्याक्षरं झाली आहेत, एनआरपीएफ. आणि ती आता अट राहिलेली नाहीत, माणसाचं वर्णन झाली आहेत. “शी इज एनआरपीएफ,” सल्लागार बाई फोनवर सांगत होत्या. निवाऱ्याच्या जागा विचारत होत्या. महिला निवाऱ्यांचा खर्च बराचसा तिथे राहणाऱ्या बाईच्या घरभाडे-मदतीतून निघतो. जिला ती मदतच मिळू शकत नाही तिला ठेवून घेणं त्यांना परवडत नाही. एका पाठोपाठ एक फोन. प्रत्येक फोनवर ती चार अक्षरं, आणि पलीकडून जरा वेळाने “सॉरी.” तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण तेवढं तिला कळायला लागलं होतं.

मध्येच तिने मला विचारलं, “ताई, मी मदत मागितली तर ह्यांच्या व्हिसाला काही होणार नाही ना?”

मी सल्लागार बाईंना ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले नाहीत, कारण मला ते वाक्य पूर्ण समजलं होतं. त्याचा व्हिसा गेला तर तिचा जातो. त्याच्या व्हिसाची काळजी म्हणजे स्वतःचीच काळजी, फक्त ती त्याच्या नावाने करायची सवय लागलेली.

आणि माहेर? फोन झाला होता. आईने “थोडं सांभाळून घे” म्हटलं होतं, धाकट्या भावाचं लग्न ठरत होतं. आपल्याकडे मुलीची पाठवणी करताना ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणतात. आशीर्वादच असतो तो, आणि दारही तिथेच लागलेलं असतं. इथल्या सरकारने धरलेलं की हिच्यामागे नवरा आहे. नवऱ्याने धरलेलं की हिला माहेर आहे. माहेराने धरलेलं की हिला नवरा आहे आणि शिवाय लंडन आहे.

कायद्यात तिच्यासाठी काहीच नव्हतं असंही नाही. नवरा ब्रिटिश नागरिक किंवा इथे कायमचा स्थायिक असेल, तर छळ झालेल्या बाईला तीन महिन्यांपुरती ती ओळ पुसून घेता येते, भत्ते घेता येतात आणि तेवढ्या वेळात स्वतःच्या नावाने कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ही सवलत २०१२ पासून आहे आणि ती आपोआप मिळालेली नाही. आमच्यापासून जवळच असलेल्या साउथॉलमध्ये १९७९ साली उभ्या राहिलेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संघटनांनी ती वर्षानुवर्षं भांडून मिळवली. पण आमच्या आयटीवाल्यांच्या, केअर वर्करांच्या, विद्यार्थ्यांच्या बायका त्यात बसत नव्हत्या. त्यांच्यासाठी ते दार उघडलं फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि तेही निम्मंच. तीन महिने मिळतात. पुढचा अर्ज मात्र नाही. तीन महिन्यांनी काय, हे मला तिला मराठीत सांगायचं होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे तीन महिने तरी आहेत.”

दुसरा रस्ता मुलाचा. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये सतरावं कलम आहे. गरजू मुलाची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर येते आणि आईच्या व्हिसावरची ओळ त्याच्या आड येत नाही. म्हणून अशा बायकांना छप्पर मिळतं ते बहुतेकदा मुलाची आई म्हणून. तिलाही तसंच मिळालं, एका हॉटेलातली खोली. मुलगा नसता तर त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही काय केलं असतं, यावर मी फारसा विचार करत नाही.

बायकांचंच असं नाही. केअर वर्करच्या व्हिसावर आलेल्या कित्येकांनी एजंटला लाखो रुपये मोजले आणि इथे आल्यावर कंपनीकडे कामच नाही असं कळलं. काम दिलं नाही तर पगार नाही. व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला, त्यामुळे बाहेर पूर्णवेळ दुसरं काम नाही. आणि भत्ता मागायचा नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, याचं इतकं चोख उदाहरण मला मराठी मुलखात कधी सापडलं नव्हतं.

गंमत म्हणजे ही अट नेमकी कुणाला लागते, हे खुद्द पंतप्रधानांनाही धड ठाऊक नव्हतं. २७ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, ईस्ट हॅमचे खासदार स्टीफन टिम्स यांनी संसदीय समितीपुढे बोरिस जॉन्सन यांना आपल्या मतदारसंघातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगितली. वर्षानुवर्षं कष्ट केलेलं, इथेच मुलं झालेलं कुटुंब, उत्पन्न बुडालेलं आणि या अटीमुळे हातात काही नाही. जॉन्सन यांनी मध्येच थांबवून विचारलं की त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट का मिळत नाही. टिम्स यांना पंतप्रधानांना त्यांच्याच सरकारचा नियम समजावून सांगावा लागला. इतक्या मेहनती लोकांना काहीतरी मदत मिळायला हवी, असं जॉन्सन म्हणाले. अट जागच्या जागी राहिली.

इंग्रजांचा हा प्रकार आजचा नाही. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसायची जबाबदारी त्यांनी पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर टाकली. मग लगेच प्रश्न आला, कुणाचे गरीब? १६६२ च्या सेटलमेंट ॲक्टने उत्तर दिलं. बाहेरून कुणी राहायला आला आणि उद्या तो गावावर भार होईल असं वाटलं, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ गावी धाडता यायचं. वर्षाला दहा पौंड किंवा जास्त भाड्याची जागा घेतलेली असेल तर मात्र कुणी हात लावायचं नाही. १६९७ पासून आपल्या गावचं प्रमाणपत्र घेऊन फिरायची सोय झाली: हा आमचा आहे, अडला तर आम्ही याला परत घेऊ. आज बँक स्टेटमेंट, स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, किमान पगाराची अट. साडेतीनशे वर्षांत कागद बदलले, हिशेब तोच.

हे सगळं मी एकदा बाबांना फोनवर सांगत होते. माझ्या बोलण्यात बहुधा ते पावभाजीचं वाक्य आलं असावं, की आपल्या घरात कधी कुणी सरकारपुढे हात पसरला नाही. बाबा सहसा मध्ये बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “तुझी आजी खडी फोडायला जायची, ते काय होतं मग?”

१९७२ चा दुष्काळ. सिन्नर तालुका. विहिरीला पाणी नाही, शेतात काडी नाही. आजी आणि मोठी आत्या दुष्काळी कामावर जायच्या, आधी खडीवर, मग पाझर तलावाच्या मातीकामावर. दुपारी मुलांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना मोडते म्हणून आजीची चिडचिड व्हायची, आणि बाबांना ती चव अजून आठवते म्हणे. हे मला माहीत होतं, पण आमच्या घरात ते ‘कष्ट’ या सदरात ऐकवलं जायचं, ‘मदत’ या सदरात कधीच नाही. आजी काम करत होती, भीक मागत नव्हती, हे खरंच. पण ते काम सरकारने काढलं नसतं तर तिच्यामागे दुसरं काय होतं? सावकार होता, आणि मुंबईची गाडी होती.

त्या कामांमागचा विचार वि. स. पागे यांचा. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ साली त्यांच्या कल्पनेतून पहिला प्रयोग झाला. मागेल त्याला काम, हे सरकारचं उपकार म्हणून नव्हे तर माणसाचा हक्क म्हणून. दुष्काळाने ती कल्पना राज्यभर नेली, १९७७ साली तिचा, म्हणजे रोजगार हमी योजनेचा, कायदा झाला. आणि पुढे त्यासाठी पैसा कुठून आला, तर १९७५ साली महाराष्ट्राने शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला आणि तो रोजगार हमीकडे वळवला. आजही पुण्या-मुंबईतल्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘पी.टी.’ म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. किती जणांना माहीत असतं की हा कर कशासाठी आला होता? मी पुण्यात नोकरी करत होते तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या दोनशे रुपयांवर मी कुरकुरत होते, आणि तशाच कुणाच्या तरी पैशांवर आजीने एक उन्हाळा काढला होता.

पुढचंही बाबांनीच सांगितलं. त्यांची फी माफ झाली ती ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीच्या फॉर्मवर, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडून. माझ्या नवऱ्याचं इंजिनिअरिंग सरकारी कॉलेजात, जिथल्या फीचा आकडा सांगितला तर आजची मुलं हसतील. बाबांच्या त्या शिक्षणातून नोकरी, त्यातून फ्लॅट, त्यातून एफडी, आणि त्या एफडीच्या जोरावर बाबांचा “पैसे पाठवू का?” हा फोन. आम्ही जी घरची पुंजी समजत होतो तिच्या तळाशी पाझर तलावाची माती होती. बाबा हे असं बोलले नाहीत, ते फक्त म्हणाले, “सरकारचं खाल्लंय आपण. चांगलं पचलं.”

आता इथे वारं आणखी कडक झालंय. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने कायमच्या वास्तव्यासाठीची पाच वर्षांची वाट सर्वसाधारणपणे दहा वर्षांची करायचा प्रस्ताव मांडला. बहुतेकांसाठी दहा वर्षं वाट म्हणजे दहा वर्षं ती ओळ. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावर दोन तट पडले. ज्यांची वाट संपायला थोडेच महिने उरले होते ते हवालदिल होते. ज्यांचा व्हिसाचा विषय कधीच मिटून ब्रिटिश पासपोर्ट हातात आला होता, त्यांतले काही जण “बरोबरच आहे, फार गर्दी झालीय” असं लिहीत होते. त्यांना मी तिथे उत्तर दिलं नाही. त्या ग्रुपवर आधीच लोणच्याच्या ऑर्डरींवरून पुरेसं भांडण असतं.

पण गणपतीच्या आधीच्या बैठकीत मी विषय काढला. आपल्या मंडळाचा एक छोटा आपत्कालीन निधी असावा. कुणाची नोकरी गेली, कुणाला रात्री घराबाहेर पडावं लागलं, तर एक आठवड्याचं हॉटेल, विमानाचं तिकीट, वकिलाची पहिली फी, एवढ्यापुरता. कल्पना सगळ्यांना आवडली. दोघांनी तिथल्या तिथे पन्नास-पन्नास पौंड काढून दिले. खजिनदार वही उघडून म्हणाले, “नियम काय लिहायचे? कुणाला द्यायचा?”

“आपल्या सभासदांना,” मागून आवाज आला. “वर्गणी भरलेली हवी. आणि निदान एक वर्ष जुना सभासद पाहिजे, नाहीतर उद्या कुणीही येईल.”

दोन-चार माना हलल्या. मी विचारलं की वर्गणी कुणाच्या नावाने असते, आणि खजिनदारांनी यादी वाचून दाखवली. जवळजवळ सगळी नावं नवऱ्यांची होती, बायका-मुलं ‘कुटुंब’ या रकान्यात. विद्यार्थी एकही नाही. त्यांना वर्गणी परवडत नाही म्हणून ते फक्त विसर्जनाला येतात. केअर वर्कर दोन, दोघांचीही या वर्षीची बाकी. म्हणजे ज्यांना हा निधी लागण्याची शक्यता होती, त्यातलं जवळपास कुणीच नियमात बसत नव्हतं.

“मग नियमच नको का?” मागच्या आवाजाने चिडून विचारलं. “हिशेब कोण देणार?”

हिशेबाचा मुद्दा बरोबर होता, त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. चर्चा लांबली, कुणीतरी आरतीच्या वेळेची आठवण करून दिली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. शंभर पौंड सध्या खजिनदारांकडे वेगळ्या पाकिटात आहेत. नियमांचा मसुदा मी करून आणायचा आहे.